भद्रकालीतलं जुन्या ऑडिओचं दुकान: घ्यायला एक नंबर, विकायला जरा सबुरीनं

नाशिकमध्ये सेकंडहँड स्टिरिओ कुठे मिळेल असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, मुंबईला जा, लॅमिंग्टन रोड नाहीतर चोर बाजार. तसं काही नाहीये हो. भद्रकालीत मेन रोडच्या मागच्या अंगाला एक दुकान आहे, जुने अँप (अँप्लिफायर), स्पीकर, टर्नटेबल (रेकॉर्ड वाजवायचं मशीन), कॅसेट डेक घेतात, विकतात आणि बदलूनही देतात. नाव टाकत नाही कारण दुकानाच्या मालक काकांनीच नको सांगितलंय, नुसते भाव काढणारे फोन फार येतात म्हणे. तिकडच्या कुठल्याही इलेक्ट्रिकवाल्याला विचारा, दाखवतील. दुकान लहान आहे, एसी वगैरे नाही, एकावर एक माल रचलेला, बसायला दोन स्टुलं. पण तिथे घेणं, देणं आणि बदलून घेणं हे तिन्ही व्यवहार मी केलेत त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगायला हवं की काका झाकण उघडतात. म्हणजे तुम्ही अँप आवडला म्हणालात की पैशाचं बोलायच्या आधी चार स्क्रू काढून वरचं कव्हर बाजूला ठेवतात आणि आत काय ओरिजिनल आहे, काय बदललंय, कुठे आधी कोणाचा हात लागलाय हे बोट ठेवून दाखवतात. जुन्या मालात हीच तर सगळी भानगड असते, वरून कपड्याने पुसून चकचकीत केलेला असतो आणि आत कोणीतरी मिळेल तो ट्रान्झिस्टर ठोकलेला असतो. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि एसटीके आयसी, म्हणजे स्पीकरला ताकद देणारे पार्ट, यांचा डुप्लिकेट माल बाजारात इतका आहे की छापलेल्या नंबरावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. काका बंद पडलेल्या सेटमधले ओरिजिनल काढून डबीत जपून ठेवतात, तेच वापरतात, आणि नसेल तर सरळ सांगतात की ताई हा सेट आत्ता देत नाही, पार्ट मिळाला की कळवतो.

मी घेतला तो सान्सुईचा एयू सिरीजमधला लहान अँप. आपल्याकडे सान्सुई म्हटलं की टीव्ही आठवतो, तो व्हिडिओकॉनच्या काळातला, पण मूळ जपानी सान्सुईने सत्तरच्या दशकात जे अँप काढले ते फार गोड वाजतात. त्या काळच्या अनेक जपानी सेटमध्ये एक दुखणं असतं, आतले मोठे कंडेन्सर बोर्डावर हलू नयेत म्हणून एक गोंद लावायचे, तो इतक्या वर्षांनी तपकिरी होतो, कडक होतो आणि मग शेजारच्या पार्टचे पाय खातो, कधीकधी त्यातून करंटही वाहतो. काकांनी माझ्या सेटमधला हा गोंद खरवडून काढला होता, खाल्लेले रेझिस्टर बदलले होते आणि काढलेले जुने पार्ट एका पिशवीत घालून सेटबरोबर दिले. मला हे फार आवडलं. काय केलं याचा पुरावा हातात.

चालू करायची पद्धतसुद्धा बघण्यासारखी आहे. पहिल्यांदा सेट थेट प्लगमध्ये घालत नाहीत, सिरीज बोर्डवर लावतात, म्हणजे सप्लाय शंभर वॅटच्या पिवळ्या बल्बमधून जातो. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि सेट वाचतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. मग मल्टिमीटरने स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी किती येतो ते बघतात. हे तुम्ही कुठेही अँप घेताना करा, अगदी ओळखीच्या माणसाकडून घेताना सुद्धा, कारण तिथे डीसी येत असेल तर आवाज येवो न येवो, वूफरची, म्हणजे बासच्या मोठ्या स्पीकरची, कॉइल तापत राहते आणि एक दिवस जळते. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. माझ्या सेटला दोन्ही बाजूंना वीसच्या आत होता.

आणि आवाज आधी एकदम हळू ठेवून ऐका! याच्यावर मी जरा जोर देऊन सांगते. बऱ्याच जुन्या अँपमध्ये स्पीकर वाचवण्यासाठी रिले, म्हणजे आपोआप लागणारा स्विच असतो, चालू केल्यावर काही सेकंदांनी टक् वाजतो तो. त्याच्या पट्ट्यांवर काट चढली की हळू आवाजात एक बाजू गायब होते किंवा चिरचिर करते, पण आवाज धाडकन वाढवला की करंट जाऊन कनेक्शन परत लागतं आणि मग तासभर छान वाजतं. ऑनलाइन बघून कोणाच्या घरी घ्यायला जाता तेव्हा तो माणूस सेट आधीच मोठ्याने लावून ठेवतो, त्यात तुम्हाला काहीच कळत नाही. व्हॉल्यूम, बॅलन्स, टोनची सगळी बटणं पण फिरवून बघा. खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला की जाते, रिलेचं दुखणं मात्र विचारून घ्या.

मी गाणं शिकते त्यामुळे माझी परीक्षा तानपुऱ्याची असते. सोबत किशोरीताईंची (आमोणकर) एक एलपी नेते आणि सुरुवातीचा तानपुरा नुसता ऐकते. सेटमध्ये हम, म्हणजे विजेची घूंघूं, असेल तर तो ५० किंवा १०० हर्ट्झला असतो, तानपुऱ्याच्या खालच्या सुरांच्या आसपासच, पण त्यांच्याशी न जुळणारा, आणि कान तयार असेल तर ते लगेच बोचतं. ढिनच्याक गाण्यावर टेस्ट केलं तर हे सापडणारच नाही. त्यानंतर डग्ग्याची घुमक, ती सुटी सुटी ऐकू यायला हवी, नुसती धप् धप् नको. काका स्वतः यात पडत नाहीत, गाणं लावून बाजूला सोल्डरिंग करत बसतात आणि तुम्हाला ऐकू देतात. मध्ये मध्ये "काय बास आहे बघा" असलं काही बोलत नाहीत. दुकानदाराने गप्प राहणं ही किती मोठी सोय आहे!

आता व्होल्टेजचं. जपानमधून आलेला माल १०० व्होल्टचा असतो, अमेरिकेतला १२० चा, आपल्याकडे २३०. मागे व्होल्टेज बदलायचा स्विच असेल तर प्रश्न नाही, नसेल तर स्टेपडाउन ट्रान्स्फॉर्मर लागतो, आणि बाजारात सरसकट मिळतो तो ११० चा. "चालतंय की" म्हणून लोक १०० च्या सेटला ११० लावतात. आता रात्री लाइन चढून २४५ झाली की त्या ट्रान्स्फॉर्मरमधून ११७ निघतात, १०० च्या सेटला ११७! सेट लगेच जळत नाही पण गरम चालतो आणि पन्नास वर्षांचे कंडेन्सर अजून लवकर जातात. काका वाइंडिंगवाल्याकडून खास १०० चा ट्रान्स्फॉर्मर गुंडाळून घेतात, त्याचे पैसे किमतीतच धरलेले असतात, आणि सेटच्या पिनवर लाल टेप लावून देतात, घरातल्या कोणी चुकून थेट भिंतीत घालू नये म्हणून. माझ्या ओळखीतल्या एकाने दुसऱ्या शहरातल्या एका डीलरकडून रिसीव्हर मागवला होता, त्या डीलरने १०० व्होल्टचा उल्लेखच केला नव्हता, पहिल्याच दिवशी धूर. पैसे परत नाहीत कारण "तुम्ही लावला".

टर्नटेबलमध्ये याच्या पुढची गंमत आहे. काही टर्नटेबलची मोटर थेट एसीवर फिरते आणि तिचा वेग लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०, त्यामुळे तिकडची पुली, म्हणजे मोटरवरची बेल्ट फिरवणारी चकती, तशीच ठेवली तर साडेतेहतीसच्या जवळ फिरायची तबकडी मिनिटाला अठ्ठावीस फेऱ्यासुद्धा घेत नाही. ट्रान्स्फॉर्मर लावून व्होल्टेज सुधारतं, फ्रिक्वेन्सी नाही. गाणाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर काळी एकमध्ये गाणारा माणूस खालच्या काळी पाचात उतरतो, वर लय पण सुस्त. मी हे दुकानात प्रत्यक्ष ऐकलंय, काकांकडे असं एक अमेरिकन मशीन पुलीची वाट बघत पडलंय, लोक मागे लागून विकत घ्यायला तयार होते, "नुसतं शोसाठी घेतो" म्हणत होते, पण काका देत नाहीत. जपानी मशीनला सहसा अडचण येत नाही कारण जपानमध्येच अर्धा देश ५० वर आणि अर्धा ६० वर चालतो, म्हणून ते दोन्हीची सोय करून ठेवतात. आणि डीसी मोटर किंवा क्वार्ट्झवालं डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्टशिवाय थेट मोटरवर फिरणारं) असेल तर हा मुद्दाच येत नाही. मी टेक्निक्सचं साधं बेल्टवालं घेतलं, डीसी मोटरचं. टेक्निक्स म्हटलं की सगळ्यांना एसएल-१२०० हवं असतं, १९७२ सालापासूनचं मॉडेल, २०१० मध्ये बंद केलं आणि २०१६ मध्ये परत आणलं, नाव मोठं म्हणून जुन्याचे भाव पण तसेच. घरात बसून शांतपणे एलपी ऐकायला त्याची काही गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सुई मात्र काकांनी जुनी दिली नाही. किती वाजलीये माहीत नसलेली सुई रेकॉर्डवर ठेवायची नाही, हा त्यांचा नियम, झिजलेली सुई खाचा कायमच्या बिघडवते. मी ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ई कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेली डबी, नवीन आणली, त्यांनी बसवून दोन ग्रॅमवर वजन लावून दिलं, अलाइनमेंट करून दिली, याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. जुन्या अँपचा अजून एक फायदा इथे कळतो, मागे फोनोचं इनपुट असतं. रेकॉर्ड कापताना बास कमी आणि वरचे सूर वाढवून कापलेले असतात, फोनो सर्किट ते उलटं करून पूर्ववत करतं, हल्लीच्या बऱ्याच सेटना ते नसतंच, मग वेगळा डबा घ्या. आणि टर्नटेबलची ती बारीक अर्थिंगची वायर अँपच्या मागच्या स्क्रूला लावायला विसरू नका, हमच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

स्पीकरमध्ये दुकानाचा साठा कमी आहे पण जे आहे ते नीट. व्हार्फडेलच्या डायमंड सिरीजची जोडी होती, सोनोडाइनच्या जुन्या जोड्या होत्या, कोलकात्याची आपली कंपनी, पेट्या मजबूत. वूफरच्या कडेचा फोम दहा पंधरा वर्षांत भुगा होतो, बोट लावलं की गळतो, रबराची कड असेल तर टिकते. दोन्ही हातांच्या बोटांनी वूफरचा कोन (शंकूसारखा पडदा) हळूच सारखा दाबून बघायचा, आत घासल्यासारखं लागलं तर कॉइल सरकलीये, नको घेऊ. आणि नाशिकमध्ये अजून एक बघायचं, पेटीचा तळ. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या, ज्याच्यावरून आपण पुराचा अंदाज घेतो, छातीला पाणी लागलं की सराफ बाजार, भांडी बाजाराकडच्या खालच्या दुकानांत आणि वाड्यांत काय होतं ते आपण २०१६ ला आणि २०१९ ला पाहिलंय. त्या पुरात भिजलेला माल नंतर वाळवून बाजारात येतो. तळाचं लाकूड फुगलेलं, स्क्रूंना गंज, ट्रान्स्फॉर्मरच्या पत्र्यांत बारीक गाळ. काका विकायला आलेल्या प्रत्येकाला सेट कुठल्या मजल्यावर होता हे विचारतात, मला आधी ते विचित्र वाटलं होतं.

बरं आता विकण्याचं, कारण इथे बऱ्याच जणांचा मूड जातो. माझा पाच स्पीकरचा होम थिएटर, एव्ही रिसीव्हरसकट (टीव्हीला जोडायचा अँप), घेताना पस्तीस हजारांच्या घरात गेला होता. काकांनी बदल्यात साडेचार हजार धरले. वाईट वाटलं, पण त्यांचं कारण मला पटलंय. एव्ही रिसीव्हरमध्ये आवाजापेक्षा एचडीएमआय आणि डीकोडर यांचीच किंमत असते आणि ते चार पाच वर्षांत जुनं होतं, नवीन टीव्हीशी पटत नाही, मग आतला अँप कितीही चांगला असला तरी गिऱ्हाईक नाही. उलट साध्या स्टिरिओ अँपचं काम १९७८ मध्ये जे होतं तेच आज आहे. एनएडीचा ३०२० त्याच वर्षीचा, कागदावर चॅनलला फक्त वीस वॅट, आणि अजून लोक शोधत असतात. म्हणून घेतानाच हा विचार करा, जो सेट पुढे विकायचा असेल त्यात स्क्रीनशी संबंध असलेलं जितकं कमी तितकं बरं. नव्वदच्या काळातले पीएमपीओ (वॅटचा फुगवलेला आकडा) लिहिलेले सेट तर काका हातात पण धरत नाहीत, हजार हजार वॅट लिहिलेलं असायचं आणि आत एक छोटा आयसी.

रोख विकायला गेलात तर भाव पडून मिळणार, हे धरूनच जा. त्यांना सेट उघडायचा, दुरुस्त करायचा, महिनोन्‌महिने जागा अडवून ठेवायचा, वर तीन महिन्यांची गॅरंटी द्यायची, हे सगळं त्या फरकातूनच निघतं, आणि कर पण, जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला मार्जिनवर जीएसटी भरता येतो, पूर्ण किमतीवर नाही, तरी भरावा लागतोच. घाई नसेल तर कमिशनवर ठेवा. भाव दोघांनी मिळून ठरवायचा, विकला गेला की पंधरा टक्के त्यांचे. मी एक कॅसेट डेक असा ठेवलाय, त्याचे बेल्ट वितळून डांबरासारखे झाले होते, ते साफ करून नवे टाकायचे पैसे तेवढे आधी दिले. विकणाऱ्याकडून आधार कार्डाची झेरॉक्स घेतात, सिरीयल नंबर वहीत लिहितात, घेणाऱ्याच्या बिलावर तोच नंबर येतो. चोरीचा माल येऊ नये म्हणून. काही जणांना याचा राग येतो, मला तर यामुळेच घ्यायला धीर आला.

मला सान्सुई ट्रान्स्फॉर्मरसकट सोळा हजारांना पडला, टर्नटेबल कार्ट्रिजशिवाय अकरा हजारांना, त्यातून होम थिएटरचे वजा. ऑनलाइन यापेक्षा स्वस्त दिसेल, दिसतंच. पण तिथे झाकण कोणी उघडत नाही. इथे पूर्ण पैसे भरून आठवडाभर घरी लावून बघता येतं, नाही जमलं तर पैसे परत, आणि हे बिलावर लिहून देतात, तोंडी नाही.

न आवडलेलं पण लिहायला हवं. वेळ पाळत नाहीत. "मंगळवारी या" म्हणाले की पुढच्या आठवड्याचा मंगळवार धरा. मेसेजला उत्तर नाही, फोन दुपारी उचलत नाहीत. बयाणा दिल्याशिवाय सेट राखून ठेवत नाहीत, तोंडी "माझ्यासाठी ठेवा" म्हणालात आणि दुसरा आला तर गेला, मला हवा असलेला एक ट्यूनर असाच गेला आणि मला ते लागलं. ऐकायची जागा वाईट, बाहेरच्या हॉर्नमध्ये बारीक फरक कळत नाहीत, एवढा चांगला माल ठेवणाऱ्याने मागची खोली साफ करून एक जोडी नीट मांडायला काय हरकत आहे हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. आणि २०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय तसे मंडपवाले, भजनी मंडळवाले जुने अहुजाचे अँप आणि भोंगे शोधत गर्दी करतात, तेव्हा घरच्या गिऱ्हाइकाकडे लक्ष कमी. ते अँप दणकट असतात पण भोंग्यांच्या १०० व्होल्ट लाइनसाठी (लांबवर टाकलेल्या स्पीकरच्या वायरीसाठी) बनवलेले, स्वस्त दिसतात म्हणून घरी ऐकायला घेऊ नका.

गाडी आत नेऊ नका, शालिमारला लावून चालत या, सकाळी अकराच्या सुमारास, शनिवार संध्याकाळ टाळा. स्वतःची एलपी किंवा सीडी सोबत असू द्या. सेट आणताना टर्नटेबलचं आर्म क्लिपमध्ये अडकवून बांधा, मागचं वजन, तबकडी आणि झाकण काढून वेगळं गुंडाळा, सुईवर कव्हर घाला. अँप सीटवर आडवाच ठेवा आणि घरी नेऊन ठेवताना वर बोटभर नाही, चांगली वीतभर जागा मोकळी सोडा, त्याच्यावर टर्नटेबल चढवू नका.